व्हीएफडी लावल्यापासून गिअरला पिटिंग, ऑइल फिल्म कशी काढायची?

रबाळे_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे रबाळे एमआयडीसीत कन्व्हेअरवर टू-स्टेज हेलिकल गिअरबॉक्स आहे, मोटर १४४० आरपीएम, ऑइल व्हीजी २२० (नंबर जितका मोठा तितकं ऑइल जाड). सात वर्षं त्याच्याकडे ढुंकून बघावं लागलं नाही. गेल्या दिवाळीत व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावला, प्रॉडक्शनला लाईन स्लो पाहिजे होती, तेव्हापासून दिवसभर २५ हर्ट्झवरच, म्हणजे अर्ध्या स्पीडला चालतो. परवा कव्हर उघडलं तर लो-स्पीड स्टेजच्या पिनियनवर (जोडीतल्या छोट्या गिअरवर) पिच लाईनच्या, म्हणजे दाताच्या मधल्या रेघेच्या खाली तांदळाच्या दाण्याएवढे खड्डे. साहेब म्हणतात ओव्हरलोड केलात, पण अँपिअर पहिल्याइतकेच आहेत. ऑइलवाला म्हणतो ४६० टाका, मिटलं. एकजण म्हणाला फिल्मची जाडी काढून बघ. ती काढायची कशी, डिपस्टिकने तर होणार नाही ना 😀

गिअरवाला_ठाणे:
वागळे इस्टेटमध्ये इतकी वर्षं हेच खोलतोय, व्हीएफडीनंतरचं पिटिंग नवीन नाही. दातांमध्ये ऑइलचा थर मायक्रॉनच्याही आत असतो, तो मोजत नाहीत, डाउसन-हिगिन्सनच्या फॉर्म्युल्याने काढतात. त्यात स्पीडचा घात साधारण ०.७ आणि लोडचा उणे ०.१३, म्हणजे स्पीड अर्धा केला की फिल्म साठ टक्क्यांवर येते आणि लोड डबल केला तरी जेमतेम नऊ टक्के कमी होते. आता ही फिल्म दातांच्या खडबडीतपणाशी ताडून बघायची, त्याला लॅम्डा म्हणतात. दोन्ही दातांच्या आरएचे (म्हणजे खडबडीतपणाचा आकडा, मायक्रॉनमध्ये) वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ, त्याने फिल्मला भाग. समजा दोन्हीकडे आरए ०.८, तर खाली १.१३ येतं. फिल्म आधी ०.४ मायक्रॉन धरली तर लॅम्डा ०.३५, आता फिल्म ०.२५ आणि लॅम्डा ०.२२. तीनच्या वर असेल तर दात एकमेकांना जवळपास लागतच नाहीत, एकच्या खाली धातू धातूला घासतोय समजा. ४६० ने फिल्म परत ०.४ च्या आसपास येते, ऑइलवाला अगदीच चुकीचं नाही बोलत, पण अर्ध्या स्पीडला गिअर ऑइल उडवतोही कमी, त्यात जाड ऑइल वरच्या बेअरिंगपर्यंत पोचतं का ते आधी बघा.

तुर्भेकर:
दादा बरोबर, पण लोडचा फारसा फरक पडत नाही तो फक्त फिल्मला. दातावरचा प्रेशर वाढतोच आणि खड्डे त्यानेच पडतात, नाहीतर हा उद्या बिनधास्त डबल माल चढवेल 😄
दुसरं, व्हिस्कॉसिटी डब्यावरची धरू नका, ती ४० डिग्रीची असते. ६० चं ऑइल ७० वर गेलं की २२० ची व्हिस्कॉसिटी साधारण एक तृतीयांश उतरते, फिल्म पाव भाग जाते, आणि दाताचा पृष्ठभाग खाली साठलेल्या ऑइलपेक्षा गरम असतो. आणि ब्रीदर (गिअरबॉक्सची हवा आत-बाहेर जाते ते झाकण) बघितलात का? आपल्याकडे पावसाळ्यात रात्री मशीन थंड पडली की ओली हवा आत ओढली जाते, पाणी गेलं की दातांची फटीग लाइफ (पुन्हा पुन्हा लोड सोसायची क्षमता) उतरते. आमच्याकडे साईट ग्लासमध्ये अक्षरशः ताक दिसलं होतं.

रबाळे_मेंटेनन्स:
ब्रीदर साधाच आहे, बदलतो. वर्कशॉपला आरए विचारला तर म्हणे ग्राइंडिंग केलंय ना, मग कसला आरए.

गिअरवाला_ठाणे:
नवीन पिनियन घेताना सुपरफिनिश (ग्राइंडिंगपेक्षाही गुळगुळीत) करून मागा, आरए ०.२ च्या आसपास. दोन्ही दात तसे केले तर त्याच ०.२५ फिल्मवर लॅम्डा ०.९ च्या जवळ जातो, ऑइल न बदलता. जुन्याचा आरए हवा असेल तर दाताचा साचा घ्या, डेंटिस्ट वापरतात तसलं मटेरियल दाबायचं, निघालेली छाप खडबडीतपणा मोजायच्या मीटरखाली ठेवायची.

रबाळे_मेंटेनन्स:
मेव्हणी वाशीला डेंटिस्ट आहे, रविवारी जातोय तिच्याकडे. पिनियनचे दात दाखवतो म्हटलं तर हसत सुटली.