मदत हवी आहे: आबांच्या आतड्यातून वारंवार रक्त जातंय

नमस्कार मंडळी. आम्ही चोपड्याजवळचे. आबा 74 वर्षांचे, आतापर्यंत रोज केळीच्या बागेत चक्कर असायची. वर्षभरात तीनदा रक्त चढवावं लागलं. दर वेळी तेच, आधी शौचाला डांबरासारखं काळं, मग दोन पायऱ्या चढल्या की धाप. मागच्या आठवड्यात ते कळण्याची भाकरी कुस्करत होते, तेव्हा नखांकडे लक्ष गेलं. पांढरी फटक. हिमोग्लोबिन 6.1 निघालं.

सुरुवातीला मूळव्याध समजून चार महिने औषधं घेतली. ते महिने वाया गेले याचं फार वाईट वाटतं. मग दुर्बिणीतून मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके दिसले, अँजिओडिस्प्लेशिया. ते दुर्बिणीतूनच आर्गॉन वायूच्या झोताने जाळले, तरी पुन्हा रक्त.

आता इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीची झडप अरुंद निघाली. डॉक्टर म्हणतात दोन्हींचा संबंध असू शकतो, हेडे सिंड्रोम. अरुंद झडपेतून रक्त जोरात जाताना रक्त गोठवायला मदत करणारं व्हॉन विलेब्रँड प्रथिन तुटतं. झडप बदलल्यावर बऱ्याच जणांचं रक्त जाणं थांबतं म्हणे.

कुणाच्या घरी असा पेशंट होता का? छाती न उघडता मांडीतून झडप बसवतात ते या वयात झेपलं का, एकूण खर्च किती आला? आणि लहान आतड्यासाठी कॅप्सूलची (गिळायच्या छोट्या कॅमेऱ्याची) तपासणी जळगाव-धुळ्यात होते की नाशिक गाठावं लागेल? आबा म्हणतात, "आता काही करू नका." मला ते मान्य नाही. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.