बोटीवरच्या हाउस बॅटऱ्या बदलायच्यात – एजीएम, ट्युब्युलर की लिथियम?

खारावारा
मंडळी, ३१ फुटी जुनी शिडाची बोट आहे, मुंबई हार्बरात मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेली) असते, पावसाळ्यात वर काढतो. हाउस बँकेला (म्हणजे दिवे-फ्रिज चालवायला) १०० एएचच्या (अँपिअर-अवर) दोन एजीएम (सीलबंद लेड ॲसिड) पॅरललमध्ये, चार वर्षं झाली. आता नांगरावर रात्री फ्रिज चालू ठेवला की पहाटे मीटरवर ११.६ व्होल्ट आणि फ्रिज आपोआप बंद. इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळी आहे, ती ठणठणीत. डिसेंबरात जयगड, विजयदुर्ग करत गोव्याला जायचंय. दुकानदार म्हणतो एकच बदला. मेव्हणा म्हणतो घरच्या इन्व्हर्टरची १५० ची ट्युब्युलर टाक, स्वस्तात काम होईल. पोरगा लिथियम लिथियम करतोय. काय करू?

नांगरगाठ
दादा आधी दोन्ही सुट्या करा, वेगवेगळ्या फुल चार्ज करून रात्रभर नुसत्या ठेवा आणि सकाळी व्होल्ट बघा, चांगली असेल तर १२.७-१२.८ च्या आसपास दिसेल, एखादी १०.५ ला बसली तर तिचा एक सेल गेलाय आणि ती दुसरीलाही रोज खाली ओढतेय. आणि एकच बदलायचं डोक्यातून काढून टाका, नवी बॅटरी जुनीला पोसत बसते आणि लवकर म्हातारी होते.

कुलाबाकाका
मेव्हण्याला म्हणावं घरातली जमीन कलत नाही! ट्युब्युलर वाईट नसते, खोल डिस्चार्ज चांगला सोसते, पण ती उंच, पन्नासेक किलोची, आत पातळ ॲसिड. वाऱ्यावर बोट २५ अंश कलली की व्हेंटमधून ॲसिड बाहेर येऊ शकतं, शिवाय चार्जिंगला हायड्रोजन सुटतो आणि तुमची बॅटरी बहुतेक झोपायच्या बर्थखाली असणार. नकोच.

सौर_शीड
माझं मत जरा वेगळंय, बॅटरी कुठली ते शेवटी ठरवा, आधी रोजचा खर्च मांडा. १२ व्होल्टचा फ्रिज चालू असताना साधारण ४-५ अँपिअर घेतो, आपल्या उकाड्यात निम्मा वेळ चालतो म्हणजे दिवसाला ५०-६० एएच तिथेच गेले. ऑटोपायलट, प्लॉटर (नकाशाचा स्क्रीन), व्हीएचएफ रेडिओ धरून ९०-१०० कुठेच गेले नाहीत. एजीएम अर्ध्याखाली नेऊ नये म्हणतात, म्हणजे तुमच्या २०० मधले हातात १००, तेही नव्या असताना. आणि परत भरणार कशाने? लेड ॲसिडचे शेवटचे २० टक्के फार सावकाश भरतात, तासभर इंजिन चालवून काही होत नाही, कायम अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. बऱ्याच बॅटऱ्या अशाच मरतात, आणि आपण कंपनीला शिव्या देतो. २०० वॅटचं सोलर पॅनल लावा, डिसेंबरात सावली नसेल तर ५०-६० एएच सहज.

खारावारा
नांगरगाठ म्हणाले तसं केलं, एक १२.७ आणि दुसरी १०.४! म्हणजे ती गेली. पॅनल नाहीये, फक्त अल्टरनेटर आणि मुरिंगवर चार्जिंगचं काहीच नाही 🙈 मग सरळ लिथियमच टाकू का?

नांगरगाठ
टाका पण नुसती उचलून जागेवर बसवू नका. लिथियम म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), १०० एएचला ११-१३ किलो, ८० टक्के बिनधास्त वापरा. पण ती अल्टरनेटरकडून सापडेल तेवढा करंट ओढते, साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. आणि बीएमएसने (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) मध्येच तोडलं की व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. म्हणून अल्टरनेटर स्टार्ट बॅटरीलाच ठेवा आणि मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (करंट मर्यादेत ठेवणारा) घाला. बँकेच्या पॉझिटिव्हवर क्लास टी फ्यूज, साधा फ्यूज एवढा शॉर्ट करंट तोडेलच असं नाही. अमेरिकेतल्या एबीवायसीचं (बोटींची मानकं ठरवणारी संस्था) २०२२ चं ई-१३ स्टँडर्ड बघा, बीएमएसने तोडायच्या आधी अलार्म द्यावा असं त्यात आहे, रात्री खाडीत शिरताना दिवे अचानक गेले तर कळेल का सांगितलंय ते.

कुलाबाकाका
एवढं सगळं डिसेंबरच्या आत होणार आहे का पण? नाहीतर दोन नव्या एजीएम आणि पॅनल, या सीझनला भागेल. लिथियम निवांत मेमध्ये बोट वर काढल्यावर करा. आणि काहीही घेतलंत तरी केबल टिन केलेली (कथलाचा मुलामा असलेली) घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं आणि मग बॅटरीलाच दोष.

खारावारा
काका पटलं, आधी पॅनल आणि एजीएम. मास्टच्या सावलीत नको म्हणून मागे रेलिंगवर लावायचा विचार आहे, २०० वॅटचं एक की १०० ची दोन?

सौर_शीड
१०० ची दोन, दोन्ही बाजूंना. एकावर शिडाची सावली पडली तरी दुसरं कामाला राहतं. प्रत्येकाला वेगळा एमपीपीटी (सोलर चार्ज कंट्रोलर) जमला तर उत्तम.