बटू दीर्घिकांचा ‘व्यास’ लिहिणं बंद करा

गच्चीकर

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाला बटू दीर्घिकांवर, म्हणजे अगदी लहान दीर्घिकांवर, लेख दिला होता. त्यात चषक-२ या दीर्घिकेबद्दल एक वाक्य होतं : ‘हिची अर्धप्रकाश त्रिज्या सुमारे साडेतीन हजार प्रकाशवर्षं आहे.’ (म्हणजे मध्यापासून एवढ्या अंतरात तिचा निम्मा प्रकाश येतो.) छापून आलं ते असं : ‘हिचा व्यास साडेतीन हजार प्रकाशवर्षं आहे.’ फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, ‘अहो, वाचकाला ते अर्धप्रकाश वगैरे कशाला? एक आकडा दिला की झालं.’

नाही झालं. त्रिज्येचा व्यास केला ही चूक तर आहेच, पण माझं भांडण ‘व्यास’ या शब्दाशीच आहे. बटू दीर्घिकेला काठ नसतो. मधून बाहेर जावं तसा उजेड मंदावत जातो आणि एका ठिकाणी तो आपल्या आकाशाच्या उजेडात बुडतो. दीर्घिका तिथे संपली असं नाही, आपली नजर संपली.

हिशेबच बघा. पृष्ठतेज म्हणजे आकाशाच्या एका चौरस विकलेतून येणारा उजेड (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तो प्रतींमध्ये सांगतात. प्रत जितकी मोठी तितकं अंधुक, आणि पाच प्रती म्हणजे शंभरपट फरक. अगदी काळ्याभोर जागी, अमावास्येच्या रात्री, रिकामं आकाशसुद्धा चौरस विकलेला साधारण २२ व्या प्रतीचं असतं. चषक-२ आहे सुमारे ३१ व्या प्रतीची. नऊ प्रतींचा फरक, म्हणजे आकाशाच्या चार हजाराव्या हिश्शाइतका उजेड. ती धूसर डाग म्हणून कुणाला दिसलीच नाही. २०१६ साली सापडली ती चिलीतल्या एका दुर्बिणीच्या सर्वेक्षणात, एकेक तारा मोजून.

स्वीडनच्या होल्मबर्ग या खगोलशास्त्रज्ञाने दीर्घिकांचा आकार ठरवायला २६.५ व्या प्रतीची रेघ धरली होती. ती इथे लावली तर चषक-२ चा व्यास येतो शून्य!

इतक्या टोकाचं उदाहरण नको असेल तर साधं घ्या. एखादी बटू दीर्घिका मध्यभागी २४ व्या प्रतीची आहे, बाहेर घातांकी पद्धतीने (दर ठरावीक अंतराला ठरावीक पटीने) मंदावते, आणि तुमचा कॅमेरा २६ पर्यंत पोचतो. मग तिचा ४५ टक्के प्रकाश तुमच्या फोटोच्या ‘काठा’बाहेर राहतो. आता लिहा व्यास.

---

मास्तरीणबाई

सपशेल असहमत. मी नववीला विज्ञान शिकवते. पृथ्वीच्या वातावरणाला तरी काठ कुठे आहे? पण १०० किलोमीटरची कारमान रेषा आपण सांगतोच, आणि मुलांना ती कळते. सोयीसाठी आखलेली रेघ म्हणजे खोटी रेघ नव्हे. रेघ कुठे आखली ते सांगितलं की काम भागतं.

आणि गच्चीकर, तुमची लाडकी अर्धप्रकाश त्रिज्या तरी कुठे सोवळी आहे? अर्धा म्हणजे अर्धा कशाचा? एकूण प्रकाशाचा. तुम्हीच म्हणता की ४५ टक्के प्रकाश दिसत नाही. म्हणजे आधी वक्र न दिसलेल्या भागात लांबवायचा, त्यातून ‘एकूण’ काढायचा, मग त्याचा निम्मा करायचा आणि त्याला मोजमाप म्हणायचं. २६.५ ची रेघ निदान प्रत्यक्ष दिसलेल्या उजेडावर तरी आखलेली होती.

---

गच्चीकर

बाई, कारमान रेषेच्या आत हवेचा जवळजवळ सगळा भार येतो. माझ्या उदाहरणात रेघेबाहेर निम्मा ऐवज पडलाय. दोन्हीची तुलना कशी होणार?

बाकी ‘अर्धा कशाचा’ हे लागलं. त्यावर विचार करून लिहितो.

---

आकडेमोड

विचार करा, तोवर मी थोडं बोलतो. दोघंही उजेडाला धरून बसला आहात. आपल्या आकाशगंगेभोवतीच्या बटू दीर्घिकांच्या बाबतीत उजेड मोजतच नाहीत, डोकी मोजतात. हे काही आजचं नाही. खगोलशास्त्रज्ञ शॅप्लीने १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत काचपट्ट्यांवर घेतलेल्या फोटोंवरून शिल्पकार तारकासमूहातली बटू दीर्घिका जाहीर केली. पुढे १९६० च्या दशकात पॉल हॉज अशा पट्ट्यांवरचे तारे मोजत होता. आता संगणक मोजतो, एवढंच.

पद्धत साधारण अशी. एका चौकटीत समजा दोन हजार तारे आहेत. बहुतेक आपल्याच आकाशगंगेचे, वाटेत आलेले. प्रत्येक ताऱ्याचा रंग, प्रत आणि जागा बघून विचारायचं : हा दीर्घिकेचा असण्याची शक्यता किती? मग दीर्घिकेची लांबीरुंदी, चपटेपणा, कल हे सगळं बदलत बदलत कोणत्या आकृतीत हे तारे सर्वांत चपखल बसतात ते शोधायचं. २००८ मध्ये मार्टिन, द यॉन्ग आणि रिक्स यांनी स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या अंधुक दीर्घिकांसाठी हेच केलं. इथे ‘अर्धा’ म्हणजे निम्मे तारे जिच्या आत येतात ती त्रिज्या. सोबत त्रुटीची मर्यादाही मिळते. दिवाळी अंकाच्या व्यासाला कुठली मर्यादा होती?

गंमत पुढेच आहे. सीग-१ नावाची बटू दीर्घिका सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षांवर आहे. तिचा एकूण प्रकाश साधारण तीनशे-साडेतीनशे सूर्यांइतका. आपला स्वाती तारा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात शंभराहून जास्त सूर्यांइतका. म्हणजे तीन स्वाती एका टोपलीत ठेवले की झाली दीर्घिका! त्यातला एखादा तारा उद्या फुगून पूर्ण वाढीचा तांबडा राक्षसी तारा झाला, तर तो एकटा बाकी सगळ्यांना भारी पडेल. ताऱ्यांची संख्या तीच, वस्तुमान तेच, पण दीर्घिकेचा ‘प्रकाश’ दुप्पट-तिप्पट.

तेव्हा माझं म्हणणं गच्चीकरांच्या उलट आहे. या लहानग्यांच्या बाबतीत आकार त्यातल्या त्यात भरवशाचा, कारण तो शेकडो मंद ताऱ्यांच्या विखुरणीतून येतो. डगमगतो तो प्रकाशाचा आकडा, कारण तो दोन-चार राक्षसी ताऱ्यांच्या हातात असतो. बंद करायचं तर ‘तेजस्विता’ लिहिणं बंद करा.

---

उणेदोन

तीन स्वातींची दीर्घिका! सप्तर्षीत २०२३ मध्ये युनियन्स-१ म्हणून जे सापडलं त्यात जेमतेम साठेक तारे, सगळे मिळून १६ सूर्यांच्या वजनाचे. आमच्या सोसायटीत याहून जास्त फ्लॅट आहेत. तिलाही दीर्घिका जाहीर करा, आम्हाला पाणीपट्टीत सवलत मागता येईल.

---

आकडेमोड

हसा, पण प्रश्न खरा आहे. दीर्घिका की तारकागुच्छ, हे ताऱ्यांच्या संख्येवरून ठरत नाही. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने जितका वेग सांभाळला जाईल त्याहून तारे जास्त वेगाने फिरत असतील, तर न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे, म्हणजे कृष्णद्रव्य. सीग-१ मध्ये सुमारे सत्तर ताऱ्यांचे वेग मोजले आणि ते तसे निघाले. युनियन्स-१ मध्ये अकराच ताऱ्यांचे वेग हाती होते. त्यातला एक वगळला की वेगांचा पसारा निम्म्यावर येतो, दोन वगळले तर उरतच नाही. ते दोन तारे जोडतारे असतील तर त्यांचा वेग जोडीदाराभोवती फिरण्याचा, मग खेळ खलास. म्हणून तिथे अजून कुणी शपथ घेत नाही.

---

खोडद फाटा

इतका वेळ वाचत होतो. नारायणगावच्या बाजूचा असल्याने आता गप्प बसवत नाही. तारे आणि त्यांचा उजेड म्हणजेच दीर्घिका, हे गृहीत कुणी धरलं?

आमच्या शिवारात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. त्या हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या लहरी ऐकतात. २००५ मध्ये आयेशा बेगम, पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेचे जयराम चेंगलूर आणि रशियाचे काराचेंत्सेव यांनी एनजीसी ३७४१ ही बटू दीर्घिका त्यावर पाहिली. जवळपास एक कोटी प्रकाशवर्षांवरची, फोटोत एक निळसर ठिपका. तिची हायड्रोजनची तबकडी निघाली होल्मबर्ग त्रिज्येच्या (वर आलेल्या २६.५ च्या रेघेपर्यंतच्या) आठपटींहून मोठी. नुसती मोठी नाही, शिस्तीत फिरणारी! त्या फिरण्याच्या वेगावरून आत वजन किती ते काढता येतं, आणि तेही उजेडाच्या कितीतरी बाहेरपर्यंत.

आता सांगा, हिचा आकार कोणता? उजेडाचा ठिपका की वायूची परात? यापुढे तुमचा २६ आणि २६.५ प्रतींचा वाद म्हणजे विहिरीच्या कठड्यावर बसून तळ्याची लांबी मोजणं आहे.

---

गच्चीकर

जीएमआरटीचा अभिमान मलाही आहे, पण ही परात सगळ्यांकडे नसते. सीग-१, कालेयमधली, शिल्पकारमधली, या आपल्या शेजारणींकडे हायड्रोजन जवळपास नाहीच. आकाशगंगेच्या इतक्या जवळ राहिल्यावर तो निघून जातो. तिथे तुमच्या तबकड्यांना ऐकू काय येणार?

---

खोडद फाटा

मान्य. पण मग लेखात एवढं तरी लिहा की तुम्ही सांगताय तो ‘ताऱ्यांचा’ आकार आहे. तेही कुणी लिहीत नाही.

---

मास्तरीणबाई

एक विचारते. तारे मध्यापासून बाहेर कसे विरळ होतात याचं किंगचं १९६२ चं सूत्र आहे ना, त्यात खरोखरचा काठ असतो. आकाशगंगेची ओढ जिथे दीर्घिकेच्या ओढीवर मात करते, त्याच्या बाहेरचे तारे निसटून जातात. हा तर भौतिक काठ झाला, कुणाच्या कॅमेऱ्यावर न अवलंबणारा. त्याची दुप्पट म्हणजे व्यास. मिटला वाद.

---

आकडेमोड

बाई, ते सूत्र मुळात तारकागुच्छांवरून आलं. बटू दीर्घिकांवर ते लावतात खरे, पण तिथला ‘काठ’ बहुतेक वेळा आकृतीतून येतो, आकाशातून नाही. २०२१ मध्ये तुकाना-२ या अंधुक दीर्घिकेचे तारे तिच्या अर्धप्रकाश त्रिज्येच्या नऊपट अंतरापर्यंत सापडले. तिथवर कुणी शोधायलाच गेलं नव्हतं. गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजणीमुळे ताऱ्यांची आकाशातली चाल कळते, त्यामुळे आपला तारा कोणता आणि वाटेतला कोणता हे आता जास्त नेमकं वेगळं करता येतं. तसं ते करू लागल्यापासून काठ बाहेरच सरकतायत.

---

मुक्काम पर्थ

तुम्ही सगळे सूत्रांत अडकलात, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. महाराष्ट्रातून मॅगेलनचे मेघ दिसत नाहीत, मोठा मेघ पुण्याहून क्षितिजावर जेमतेम दोन अंश येतो. इथे शहराबाहेर दोन तास गाडी हाकली की दोन्ही मेघ नुसत्या डोळ्यांनी दिसतात. गेल्या महिन्यात सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. छोटा मेघ त्यांनी पसरलेल्या हाताच्या बोटांनी मोजला, तीन बोटं भरला. मध्यरात्रीनंतर चंद्र उगवला. अर्ध्या तासाने पुन्हा हात धरून म्हणाले, ‘अरे, हा दोनच बोटं उरला की.’

छोटा मेघ ही बटू दीर्घिकाच, दोन लाख प्रकाशवर्षांवरची. तिला काही झालं नव्हतं. म्हणून या भांडणात मी गच्चीकरांकडून.

(अवांतर : सासरे इतके खूश झाले की आता दर अमावास्येला विचारतात.)

---

उणेदोन

तीन बोटं विरुद्ध दोन बोटं. हा निकष मला झेपतो. +१

---

गच्चीकर

पर्थकर, सासऱ्यांना नमस्कार सांगा. मी दोन पानं खरडली त्यापेक्षा त्यांचं निरीक्षण सरस आहे.

आता मास्तरीणबाईंच्या ‘अर्धा कशाचा’वर. प्रामाणिकपणे लिहायचं तर माझाही हात पोळलाय. नोव्हेंबरात वेल्ह्याच्या पुढे जाऊन देवयानी दीर्घिकेची शेजारीण, एम ११० ही बटू दीर्घिका टिपली होती. छोटी ८० मिलिमीटरची दुर्बीण, नळीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून घेतलेल्या फ्लॅट फ्रेम (कॅमेऱ्याचा कमीजास्त उजेड सारखा करायला घेतात ते फोटो), तीन तासांचं एक्स्पोजर. घरी येऊन उजेड मोजायला बसलो. त्यासाठी आधी रिकाम्या आकाशाचा उजेड वजा करावा लागतो. पण रिकामं आकाश म्हणायचं कशाला? एम ११० देवयानीच्या केंद्रापासून जेमतेम ३६ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). देवयानीच्या बाजूचा तुकडा ‘आकाश’ म्हणून धरला तर दीर्घिका १३ कलांची भरली. पलीकडच्या बाजूचा धरला तर २०. फोटो तोच, दीर्घिका तीच, माणूसही तोच. एकूण प्रकाश दोन्ही वेळा वेगळा, म्हणून अर्धप्रकाश त्रिज्याही वेगळी. तेव्हा बाई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, माझी त्रिज्या सोवळी नाही.

आणि मी ग्रुपवर कोणता आकडा टाकला असेल? वीस. मोठा दिसतो म्हणून.

‘व्यास’ नको हे माझं मत तरी कायम आहे. पण संपादकांना पाठवायचं वाक्य बदलतो : ‘हिचे निम्मे तारे मध्यापासून सुमारे साडेतीन हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत.’ यात प्रकाशही नाही आणि व्यासही.

---

मास्तरीणबाई

हे वाक्य नववीला कळेल. आधीचं नसतं कळलं. मात्र ‘सापडलेल्या ताऱ्यांपैकी निम्मे’ असं करा, नाहीतर तुकाना-२ वाले पुन्हा हजर होतील.

---

खोडद फाटा

आणि ‘वायू सोडून’ हेही.

---

उणेदोन

आता हे वाक्य दिवाळी अंकात मावणार नाही.

---

आकडेमोड

गच्चीकर, एम ११० च्या मूळ फाइली आहेत का? देवयानीचा उजेड आधी एका गुळगुळीत आकृतीत बसवून पूर्ण चौकटीतून वजा करायचा, मग उरलेल्यावर मोजायचं. एम ११० चे बाहेरचे भाग देवयानीच्या ओढीने पिळवटलेत, त्यामुळे १३ आणि २० दोन्ही चुकीचे निघतील असा माझा अंदाज आहे.

---

गच्चीकर

आहेत, साडेसहा जीबी. रात्री दुवा पाठवतो. टी-शर्टवाल्या फ्लॅटमध्ये डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती आली आहे, ती दीर्घिका समजू नका.