एकच यूएसबी-सी सगळ्याला: सोय की फसवणूक?

जुना_माऊस
कालचीच गोष्ट. नवा मॉनिटर आणला. लॅपटॉपला सी-पोर्ट, मॉनिटरलाही सी-पोर्ट, म्हणून हाताशी असलेली चार्जरची केबल लावली. दोन्हीकडे टचकन बसली, लॅपटॉप चार्जही व्हायला लागला, पडदा मात्र काळाच. तासभर सेटिंगची उलथापालथ केल्यावर कळलं की त्या केबलमध्ये चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्याच नाहीत. वीज आणि यूएसबी २.०चा संथ डेटा, बस्स. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

माझं म्हणणं असं की व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट अशी वेगवेगळी तोंडं होती तेच बरं होतं. जे बसलं ते चाललं. सी-पोर्टमधून चित्र द्यायचं की नाही (त्याला डीपी, म्हणजे डिस्प्लेपोर्ट, ऑल्ट मोड म्हणतात) हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर. एकाच लॅपटॉपला दोन सी-पोर्ट असतात आणि त्यातल्या एकातूनच चित्र येतं. बसा शोधत.

कारभारी
असहमत. "जे बसलं ते चाललं" हे कधी होतं? डीव्हीआय विसरलात वाटतं. डीव्हीआय-डी (डिजिटल), डीव्हीआय-ए (अॅनालॉग), डीव्हीआय-आय (दोन्ही), वर सिंगल लिंक की ड्युअल लिंक हा घोळ वेगळाच. डीव्हीआय-आयची केबल डीव्हीआय-डीच्या पोर्टात शिरतच नाही, चार जादा पिना आडव्या येतात.

व्हीजीएचं कौतुक तर नकोच. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेलं प्रकरण, तीन ओळींत १५ पिना. तिसरी पिन निळ्या रंगाचा सिग्नल नेणारी. ती वाकली की अख्खा पडदा पिवळट. चिमट्याने किती सरळ केल्यात त्याची गणती नाही. आणि ते अंगठ्याने फिरवायचे दोन स्क्रू! सैल करायला जावं तर समोरचा षटकोनी नटच ग्राफिक्स कार्डातून सुटून केबलबरोबर बाहेर.

निळाई
त्या स्क्रूंना +१.
धागा भरकटवत असेन तर माफ करा. माझा ४के मॉनिटर आहे, लॅपटॉपच्या सी-पोर्टला अडॅप्टर लावून एचडीएमआय केबल जोडली आहे. चित्र स्वच्छ, पण माउसचा बाण तुटक-तुटक सरकतो. मॉनिटर परत करू का?

जुना_माऊस
एवढ्यात नको. आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं) बघा. ३० हर्ट्झ असेल.

निळाई
३०च आहे! ६०चा पर्यायच दिसत नाही.

जुना_माऊस
अडॅप्टर एचडीएमआय १.४वालं असणार. हिशोब करून बघा: ३८४० × २१६० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. झाले जवळपास १२ गिगाबिट, तेही नुसत्या चित्राचे. १.४ची मजल १०.२, त्यातले चित्राच्या वाट्याला आठेक. २०१३ मध्ये आलेल्या २.०ची १८, त्यात ६० सहज बसतं. बघा, सी-पोर्टची कृपा!

कारभारी
सी-पोर्टचा काय संबंध? गाडी अडलीय ती एचडीएमआयच्या टोकाला, तुमच्या त्या सरळमार्गी वेगळ्या तोंडाला! २००२ पासून १९ पिनांचं तेच तोंड. आत १.४ आहे की २.० की २.१, बाहेरून कुणाला कळतंय? आणि २.१ लिहिलं म्हणजे ४८ गिगाबिट मिळतीलच असंही नाही, त्यातली बरीच वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. जे पाप सीच्या माथी मारताय ते एचडीएमआयने आधीच करून ठेवलंय.

तिरकी_खुर्ची
दोघांनी मिळून डिस्प्लेपोर्टला वाळीत टाकलेलं दिसतंय. अहो, सीमधून येणारं चित्र मुळात डिस्प्लेपोर्टचंच असतं! अडॅप्टर त्याचं एचडीएमआय करून देतं, इतकंच. निळाई, मॉनिटरच्या मागे डिस्प्लेपोर्ट असेल तर सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्या, मधला दुभाषा जाईल. आयताकृती तोंड, एकच कोपरा छाटलेला.

फक्त दिशा बघून केबल घ्या. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलटी लावली तर चालत नाही. मी लावून बघितली आहे, दोनदा.

जुना_माऊस
एचडीएमआयचा मुद्दा मान्य, तो माझ्याच अंगावर आला. पण तिथे फार तर ३० हर्ट्झवर भागवावं लागतं. सीमध्ये "चित्र येणार का?" इथूनच सुरुवात. हा फरक किरकोळ नाही.

कारभारी
आणि चार्जिंग, चित्र, कीबोर्ड सगळं एका केबलमधून, हा फरक किरकोळ? उठताना एक केबल काढली की मोकळे. मी चित्रवाल्या केबलला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे, गोंधळ संपला.

जुना_माऊस
म्हणजे केबल बनवणाऱ्याचं काम तुम्ही करताय.

निळाई
मागे डिस्प्लेपोर्ट निघाला. केबल आणली, ६० हर्ट्झ आले, बाण लोण्यासारखा फिरतोय. तिरकी_खुर्ची, आभार. पण आता जागा बदलायची म्हणून केबल काढायला गेले तर ती निघतच नाहीये. ओढू का जोरात?

तिरकी_खुर्ची
नको नको! वरच्या बाजूला बटण आहे, ते दाबून धरा. त्याने आतल्या दोन आकड्या सुटतात. मग ओढा.