दारामागचं लेकरू दाखवू नका

'मंकीज पॉ' म्हणजे 'माकडाचा पंजा' या भयकथेचं कॉमिक करायचं तर शेवटी दारामागचा पोरगा दाखवायलाच पाहिजे असं काही जण म्हणायलेत, मला नाही पटत बघा. इंग्रज लेखक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ही गोष्ट १९०२ ची, फकिरानं मंतरलेला, तीन इच्छा पुरवणारा पंजा आपल्याच इकडून, हिंदुस्थानातून तिकडं जातो, बाप २०० पौंड मागतो अन् पैसे येतात ते पोरगा मशीनमधे अडकून मेल्याची भरपाई म्हणून. मग आईच्या हट्टानं बाप पंजाकडं पोरगा जिता मागतो, पण परत आलेलं लेकरू जेकब्सनं दाखवलेलंच नाही, नुसती दारावर थाप, वरची कडी आईच्या हाताला लागत नाही, अन् बाप त्याला परत घालवायला अंधारात पंजा चाचपडायलाय, सगळी भीती तिथंच हाय.

कॉमिकात आवाज नसला तरी दोन चौकटींमधली मोकळी जागा असती ना, वाचणारा ती स्वतःच्या भीतीनं भरतो, चित्र काढलं की ती गेली. आजच्या काळात परभणीकडं आणायची तर पोरगा जिनिंगमधे कामाला, रात्री लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात बाप फरशीवर रांगायलाय. ठक. पान उलटलं की मोठा ठक. अन् शेवटची चौकट उघडं दार, रिकामा रस्ता, तिथं एक अक्षर पण लिहू नका.