मदत हवी आहे: बिटकॉइन नोडचा आरपीसी (नोडला आज्ञा देण्याची सोय) घरून कसा वापरावा?

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर उबुंटू टाकून बिटकॉइन कोअर (नोडचं सॉफ्टवेअर) चालवतोय. पूर्ण साखळीला ६०० जीबीहून जास्त जागा लागते, म्हणून प्रून ठेवलंय, म्हणजे जुने ब्लॉक पुसले जातात. एसएसएच (दुरून लॉगिन) फक्त कीने, रूट लॉगिन बंद, यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये २२ (एसएसएच) आणि ८३३३ (इतर नोडशी जोडणी) एवढेच पोर्ट उघडे. तरी लॉगमध्ये 'इनव्हॅलिड यूझर अ‍ॅडमिन'च्या ओळी, म्हणजे परक्यांचे लॉगिनचे प्रयत्न, रात्रभर पडतच असतात. फेलटूबॅन (असे पत्ते आपोआप अडवणारं साधन) लावल्यावर जरा कमी झाल्या.

अडचण ८३३२ ची, म्हणजे आरपीसीच्या पोर्टची. आरपीसी जगासमोर उघडायचा नाही, हे पक्कं. पण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी सारखा बदलतो, त्यामुळे फायरवॉलमध्ये ठरावीक पत्ता देता येत नाही. एसएसएच टनेल पुरेल की वायरगार्ड (व्हीपीएन) बसवावं? वॉलेट सर्व्हरवर ठेवलेलंच नाही. मशीन शेवटी दुसऱ्याच्या ताब्यात. कुणी रोज वापरत असेल तर कृपया सेटिंगसकट सांगा.