सा आणि रे मधला फरकच कळत नाही, मदत हवी आहे

चिंचेचा_कोळ: पेटीच्या क्लासला तीन महिने झाले. सर सा वाजवतात, मग दुसरा सूर, आणि विचारतात, "वर गेला की खाली?" मी दर वेळी ठोकून देते. शेजारची आठ वर्षांची पोरगी फिसकन हसते. रविवारी सगळ्यांसमोर भूप रागाचे आरोह-अवरोह आहेत. लवकर सांगा. रियाज करा म्हणू नका, करतेय.

निवांत_नाना: रियाज करा. पहाटे तंबोऱ्यावर अर्धा तास खर्ज, म्हणजे खालचे सूर लावायचे. मीही असाच कणसूर होतो.

सुरंगी: नाना, त्या ऐकण्याचं विचारताहेत, गाण्याचं नाही. बेसूर गाणाऱ्या पुष्कळांना दुसऱ्याचं बेसूर बरोबर कळतं. ताई, हे लहानपणापासून आहे का? 'जन गण मन' शब्दांशिवाय ओळखता? 'आलास' आणि 'आलास?' यातला फरक कळतो? जन्मजात असेल तर त्याला अम्यूझिया म्हणतात. त्यात कान ठणठणीत असतात, गडबड मेंदूत असते. माँट्रियलच्या इझाबेल पेरेत्झ आणि सहकाऱ्यांनी त्याची चाचणीही तयार केली आहे.

चिंचेचा_कोळ: 'आलास?' कळतं हो. जन गण मन पूर्वी लगेच ओळखायचे. उपाय सांगा ना.

दुपारचा_चहा: मुळात पेटीवर शिकणंच चूक. तिचा गंधार, म्हणजे ग, जरा चढा. आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली ती उगाच नाही.

निवांत_नाना: ती पुढे उठली, तेही सांगा की! इथे सा-रेची मारामार आणि हे गंधार मोजताहेत.

कोरा_कागद: 'वर' म्हणजे मोठा आवाज असं तर समजत नाही ना? माझी आई समजायची. आपण दोन्हीला 'आवाज चढवला'च म्हणतो. सरांना आधी सा-प वाजवायला सांगा, अंतर मोठं.

सुरंगी: 'पूर्वी' म्हणजे? मध्ये काय झालं?

चिंचेचा_कोळ: कानात मशीन आहे ना, दोन वर्षं. बोलणं छान ऐकू येतं. त्याचा काय संबंध? सूर धरला की थरथरतो, पण पेटीच जुनी आहे.

सुरंगी: अहो ताई!! हे पहिल्या ओळीत नको का सांगायला? मशीन बोलण्यासाठी लावलेलं असतं. लांबवलेला सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते, ते ती दाबायला जातं, म्हणून थरथर. काही मशीनं वरच्या पट्टीतले आवाज खालच्या पट्टीत ओढूनही ऐकवतात. ऑडिओलॉजिस्टकडून गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्या, त्यात हे दोन्ही बंद करायला सांगा. ऐकू कमी येत असलं की जवळचे सूर तसेही एकमेकांत मिसळतात, तेव्हा सगळं मशीनवर ढकलू नका.

चिंचेचा_कोळ: मशीन काढून पेटीला कान टेकवून बसले. थरथर गेली! सा-प तीनदा बरोबर ओळखलं. सा-रे अजून नाही. शुक्रवारची अपॉइंटमेंट मिळालीय.

निवांत_नाना: तोवर खर्ज लावाच.